पद्मिनीचे इंजिन आणि आजचे पेट्रोल: घरच्या शेडमधील प्रकल्प नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसऱ्याला खंडेपूजनाबरोबर गाडीलाही झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाले खरे, पण चारपैकी तीनच सिलिंडरवर. गाडी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी त्या काळी नंबर लावून घेतलेली, आणि गेली काही वर्षे महिन्यातून एकदा कोल्हापुरातल्या रंकाळ्यापर्यंत जाऊन येण्यापलीकडे तिला काम उरलेले नाही. मिस मारणारा सिलिंडर प्लग बदलूनही जागा झाला नाही, तेव्हा या हिवाळ्यात हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, उतरवायचेच असे ठरवून ही वही सुरू करीत आहे.

प्रकल्पाची मर्यादा आधीच लिहून ठेवतो, कारण ओळखीचा प्रत्येक जण आपापली सूचना घेऊन येणार हे दिसतेच आहे. गाडी जोरात पळवायची नाही. हे इंजिन ज्या पेट्रोलसाठी घडले ते पेट्रोल आता पंपावर मिळत नाही. आता मिळते ते शिसेविरहित आणि उसापासून बनणारे इथेनॉल मिसळलेले. त्यावर इंजिन न कुरकुरता चालावे एवढेच फेरफार करायचे आहेत.

२० ऑक्टोबर

चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन, म्हणजे वर येणारा पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करतो ते, तपासले. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरचे दाब अनुक्रमे १२०, ११८ आणि ११५ पौंड आले. तिसऱ्याचा काटा ७५ वर थांबला. त्यात दोन चमचे इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजले तेव्हा तो जेमतेम ८० वर गेला. दोष पिस्टनवरच्या रिंगांचा असता तर तेलाने फट तात्पुरती बुजून दाब बराच चढला असता. तो चढला नाही, म्हणजे गळती वरून, मिश्रण आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांमधून (व्हॉल्व्हमधून) आहे. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते. त्यांनी हे निदान मान्य केले, परंतु गेज चिनी असल्याबद्दलची शंका कायम ठेवली.

२७ ऑक्टोबर

टाकीतल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल नेमके किती, हे ऐकीव माहितीवर न सोडता मोजून पाहिले. १०० मिलिलिटरच्या मोजनळीत १० मिलिलिटर पाणी घेतले, पाण्यात मुलीच्या रंगपेटीतला निळा रंग कालवला आणि वरून खुणेपर्यंत ९० मिलिलिटर पेट्रोल ओतले. नळी हलवून दहा मिनिटे ठेवली. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाण्याची ओढ जास्त, त्यामुळे ते खाली उतरून पाण्यात मिसळते आणि निळा थर तेवढाच जाड होतो. थर २७ वर आला. म्हणजे ९० मिलिलिटरमधले १७ मिलिलिटर इथेनॉल होते, सुमारे १९ टक्के. हा प्रयोग शेडच्या बाहेर, विडी-काडीपासून लांब केला, आणि नंतर ते मिश्रण गाडीत परत ओतले नाही.

या आकड्याचा हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरशी थेट संबंध आहे. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ भागच पुरतात, कारण त्याच्या रेणूत थोडा ऑक्सिजन आधीचाच असतो. वीस टक्के मिश्रणासाठी हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. नव्या गाडीतला संगणक एक्झॉस्टमधला ऑक्सिजन पाहून पेट्रोल वाढवतो. आमच्या सोलेक्स कार्बोरेटरला असले काही कळत नाही. तो १९८४ साली जेवढे पेट्रोल देत होता तेवढेच आजही देतो, आणि त्यामुळे मिश्रण आठ-नऊ टक्क्यांनी पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल तेवढे कमी पडते.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. काम झाले नाही. बहीण महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. ओवाळणी मी द्यायची असते, पण मीच तिच्याकडे ब्युरेट, म्हणजे द्रव मोजून सोडण्याची काचनळी, मागितली.

१० नोव्हेंबर

हेडचे सर्व नट-बोल्ट निघाले, हेड मात्र जागचे हलले नाही. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे, आणि मधल्या गॅस्केटला ते दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटले आहे. पातळ पटाशी घालून उचकटण्याचा मोह झाला होता, पण ॲल्युमिनियमच्या सपाट तोंडाला एकदा चर पडला की पुढचा सगळा खर्च त्या चरावरच होतो. सांध्यावर गंज सोडवणारे तेल मारून आठवडाभर थांबायचे ठरवले.

१७ नोव्हेंबर

हेड निघाले. दोराची जुनी युक्ती कामी आली. पिस्टन खाली असताना प्लगच्या भोकातून नायलॉनचा मऊ दोर सिलिंडरमध्ये भरला, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असल्याची खात्री केली आणि क्रँक पान्याने हळूहळू फिरवला. वर येणाऱ्या पिस्टनने दोर हेडवर दाबला आणि चिरफाळल्यासारखा आवाज होऊन गॅस्केट सुटले. दोराचे टोक बाहेर राहील याची काळजी घेतली होती; पुढची कहाणी नाहीतर वेगळी झाली असती.

तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पाहिल्यावर सगळा उलगडा झाला. त्याच्या कडेचा नखाएवढा भाग जळून खरवडलेला होता आणि तो ज्या सीटवर बसतो ती कडी शेजारच्या सीटपेक्षा उघड्या डोळ्यांना दिसेल इतकी खोल गेली होती. जुन्या पेट्रोलमध्ये ऑक्टेन (दाबाखाली आपोआप न पेटण्याची क्षमता) वाढवण्यासाठी शिशाचे संयुग मिसळत. ते जळल्यावर सीटवर त्याचा पातळ लेप बसे आणि तापलेला व्हॉल्व्ह सीटचे कण उपटून नेत नसे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि हा लेप गेला. तेव्हापासून सीट कणाकणाने झिजत गेली, व्हॉल्व्ह तेवढा वर सरकला आणि व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या टॅपेटमधली फट कमी होत होत संपली. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मिटला नाही की आपली उष्णता सीटला देऊ शकत नाही. आणि मग जळतो. गंमत अशी की सीट अशी झिजताना टॅपेट वाजत नाही. आवाज उलट कमी होतो, आणि आम्ही इतकी वर्षे ‘इंजिन किती शांत चालते’ म्हणून कौतुक करीत होतो.

२४ नोव्हेंबर

अपेक्षेप्रमाणे सूचना आल्या. मामेभावाचे म्हणणे असे की ११८ एनईचे इंजिन बसवावे. ती गाडीही प्रीमियरचीच, आणि तिचे ११७१ सीसीचे निसान घराण्यातले इंजिन निःसंशय चांगले आहे. दुसऱ्या एका स्नेह्याने डिझेल सुचवले. दोघांनाही मी एकच उत्तर दिले. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. बदललेल्या इंजिनाची गाडी नोंदणीच्या नूतनीकरणाला नेऊन उभी करण्याची माझी तयारी नाही. ब्लॉक तोच, त्यावरचा क्रमांक तोच, ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचे १०८९ सीसी तेच राहतील.

कायदा बाजूला ठेवला तरी माझे मत बदलत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून आणि पुढे पद्मिनी म्हणून जी गाडी निघाली, तिच्यात हे इंजिनच काढून टाकले तर उरते ती पत्र्याची पेटी.

१ डिसेंबर

हेड पोत्यात गुंडाळून शिवाजी उद्यमनगरात नेले. तिथले लेथवाले अण्णा पन्नास वर्षे हेच काम करतात. त्यांनी हेडवर बोट फिरवले, मग पोलादी पट्टी आडवी ठेवून मध्ये फीलर ही पातळ मापपट्टी घातली आणि ०.२० मिलिमीटरचा बाक दाखवला. “कवातरी पाण्याबिगर पळीवलीया गाडी,” एवढेच ते म्हणाले. घरी येऊन बाबांना विचारले, तर त्यांनी १९९७ च्या मे महिन्यात आंबा घाटात रेडिएटरचा पाइप फुटल्याचे कबूल केले. वहीत तशी नोंदही सापडली. बाबांनी पहिल्या दिवसापासून पेट्रोल, किलोमीटर आणि दुरुस्ती यांची वही ठेवली आहे, आणि या कामात मला कोणत्याही मॅन्युअलपेक्षा तिचा उपयोग अधिक झाला.

चारही एक्झॉस्ट सीट काढून कठीण पोलादाच्या नव्या कड्या बसवायच्या, गाईड बदलायचे आणि बाक निघेल एवढे हेडचे तोंड घासून सपाट (फेस) करायचे, असे ठरले.

८ डिसेंबर

सीट बसवताना अण्णांनी मला उभे राहू दिले. जुन्या कड्या खरवडून काढल्यावर जे भोक राहिले ते कडीच्या बाहेरच्या मापापेक्षा ०.०८ मिलिमीटरने लहान कापले होते. कडी भोकापेक्षा मोठी असल्याशिवाय ती तिथे धरून राहणार नाही, आणि मोठी असेपर्यंत ती आत जाणार नाही. हा पेच उष्णतेने सुटतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या दुपटीने प्रसरण पावते. सुमारे ३५ मिलिमीटरच्या भोकाचे तापमान १३० अंशांनी वाढवले की ते एक दशांश मिलिमीटरने मोठे होते. हेड भट्टीत तापत होते आणि कड्या अण्णांच्या घरच्या फ्रीजमध्ये, बर्फाच्या ट्रेशेजारी स्टीलच्या डब्यात रात्रभर ठेवल्या होत्या. त्या थंडीने कडी फार आकसते असे नाही, फार तर मिलिमीटरचा पन्नासावा-साठावा भाग. पण तेवढी सूट हाताला जाणवते.

हेड भट्टीतून बाहेर आल्यावर बोलायला वेळ नव्हता. अण्णांनी पहिली कडी चिमट्याने उचलली, भोकावर धरली आणि सोडली. ती ठोकावी लागली नाही. नाण्यासारखी ‘टक्’ करून तळाला बसली. दुसरी आणि तिसरी तशीच गेली. चौथी तिरकी अडकली. अण्णांनी तिला हातोडी लावू दिली नाही. ती काढून, हेड पुन्हा तापवून, पुन्हा सोडली. “ॲल्युमिनियम हाय, दगड न्हवं,” असे ते शेजारच्या पोराला म्हणाले, पण ते मलाच उद्देशून असावे.

२२ डिसेंबर

दोन रविवार व्हॉल्व्ह लॅपिंगमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवण्यात, गेले. काठीच्या टोकाची रबरी वाटी व्हॉल्व्हला चिकटवायची, कडेला ग्राइंडिंग पेस्टचे चार ठिपके द्यायचे आणि ताक घुसळल्यासारखी काठी दोन तळहातांत फिरवायची. सुरुवातीला खरखर ऐकू येते. ती मऊ झाली की व्हॉल्व्ह उचलून पुसून पाहायचा. कडेभोवती न तुटलेली राखाडी रेघ दिसली की तो झाला. आठ व्हॉल्व्हना मिळून सहा तास लागले.

मग हेडमधल्या खळग्यांचे घनफळ मोजायला ब्युरेट काढली. हेड उलटे, पाणसळीने समतल ठेवले, प्रत्येक खळग्यावर कडेला ग्रीस लावून ॲक्रिलिकची तबकडी बसवली आणि तिच्या भोकातून रॉकेल सोडले. चार खळगे ३८.२, ३८.६, ३७.९ आणि ३८.४ सीसी भरले, सरासरी ३८.३. दाबल्या गेलेल्या गॅस्केटच्या जाडीचे ५ सीसी त्यात मिळवले की ४३.३ होतात. एका सिलिंडरमध्ये पिस्टन २७२.४ सीसी जागा पार करतो, त्यावरून कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पटींनी दाबले जाते तो आकडा, ७.२९ येतो.

इथे थोडा विचार करावा लागला. बाक काढायला पाव मिलिमीटर पुरले असते. परंतु इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर असल्याने आजचे मिश्रण जुन्या पेट्रोलपेक्षा अधिक दाब सोसते, आणि तो दाब वापरला नाही तर नव्या इंधनाचा तोटा तेवढा आपल्या पदरात पडतो, फायदा पंपावरच राहतो. म्हणून अर्धा मिलिमीटर काढायचे ठरवले. त्याहून पुढे जाण्याचा अण्णांचा सल्ला नाही, आणि माझीही इच्छा नाही. काढलेला धातू परत लावता येत नाही.

२९ डिसेंबर

फेसिंगनंतर खळगे सरासरी ३६.६ सीसी. रेशो ७.५५.

१२ जानेवारी २०२५

दिवस वाया गेला. एका दुकानातून ‘पद्मिनीचेच’ म्हणून आणलेले हेड गॅस्केट ब्लॉकवर ठेवून पाहिले, तर पाण्याच्या दोन वाटा त्याच्या पत्र्याखाली झाकल्या जात होत्या. ते तसेच बसवले असते तर इंजिन पहिल्याच घाटात तापून पुन्हा बाक आला असता. दुकानदाराने परत घेण्यास नकार दिला. दुसरे गॅस्केट पुण्याहून नाना पेठेतून मागवले आहे. जुने हाताशी ठेवून, भोकावर भोक जुळवून पाहिल्याशिवाय कोणी नवे बसवू नये.

१९ जानेवारी

पेट्रोल टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सर्व रबर बदलले. काढलेल्या पाइपचा तुकडा बोटांनी वाकवला तर आतला थर काजळीसारखा हाताला लागला. इथेनॉल जुने रबर फुगवते आणि नंतर ठिसूळ करते. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकण्याचे हे सर्वांत सोपे निमित्त आहे, आणि संपूर्ण प्रकल्पातले एकच काम करायचे असेल तर मी हे सांगेन. नवे पाइप ‘आर ९’ छापाचे, आतून फ्लुरो रबराचे आहेत. गाडीतल्या इंधनपंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची सुई व तिचे आसन हेही तशाच रबराचे मिळवले.

टाकी उतरवून आत साखळी आणि डिझेल घालून हलवली. बाहेर आलेला गाळ मिसळणाच्या डब्यातल्या मसाल्यासारखा होता.

२ फेब्रुवारी

हेड बसले. नट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळले. टॅपेट थंड इंजिनावर लावले. ठिणगीची वेळ साधणाऱ्या प्लॅटिनम पॉइंटमधली फट ०.४ मिलिमीटरवर. दुसऱ्या प्रयत्नात इंजिन लागले, आणि चारही सिलिंडरवर लागले. कॉम्प्रेशन १२८, १३०, १२८, १२६.

९ फेब्रुवारी

कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटचे काम. आमच्या मेन जेटवर १२० कोरलेले आहे, म्हणजे १.२० मिलिमीटरचे भोक. त्यावर दहा किलोमीटर एका चालीने चालवून, इंजिन तिथेच बंद करून प्लग काढले, तर चिनीमाती खडूसारखी पांढरी होती; मिश्रण पातळ असल्याची ती खूण. पेट्रोल आठ-नऊ टक्के वाढवायचे असेल तर भोकाचे क्षेत्रफळ तेवढे वाढायला हवे, व्यास नव्हे. १२५ चा वर्ग भागिले १२० चा वर्ग केला की १.०८५ येतात. लक्ष्मीपुरीतल्या एका जुन्या कार्बोरेटरवाल्याने बिस्किटाच्या डब्यातून १२५ चा जेट शोधून दिला. पैसे घ्यायला तयार नव्हते, मग चहा पाजला. पुन्हा तोच रस्ता, तोच वेग. प्लग आता भाजलेल्या खारी बिस्किटाच्या रंगाचे आहेत, आणि थ्रॉटल दाबताना पूर्वी जो क्षणभराचा खड्डा जाणवे तो गेला.

सुईने भोक मोठे करण्याचा जो उपाय सर्रास सांगितला जातो तो करू नये. भोक वाढते, पण गोल राहत नाही.

१६ फेब्रुवारी

पन्हाळ्याला गेलो. वाघबीळच्या पुढे चढ लागल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर इंजिन नॉक करू लागले, म्हणजे मिश्रण आत आपोआप पेटू लागले. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज. पहिला संशय अर्थातच वाढवलेल्या कॉम्प्रेशनवर गेला आणि परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात अण्णांना आणि स्वतःला दोष देत होतो. घरी टायमिंग लाइट लावला तेव्हा वेगळेच दिसले. फेऱ्या वाढतील तसा ठिणगीचा आगाऊपणा, म्हणजे पिस्टन वर पोचण्याच्या किती आधी ती पडते ते अंतर, हळूहळू वाढायला हवा. आमच्याकडे तो १,५०० फेऱ्यांनाच जवळजवळ पूर्ण होत होता. डिस्ट्रिब्युटर उघडला. त्यात ठिणगीची वेळ बदलणारी वजने आवरणाऱ्या दोन स्प्रिंगांपैकी एक तुटून तळाशी पडली होती. ती किती वर्षे तशी होती कोण जाणे. लंगड्या इंजिनात तिचे दुखणे दबून गेले होते.

२३ फेब्रुवारी

स्प्रिंग बदलून तोच घाट, तोच गिअर. आवाज नाही. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागे तीनदा थांबावे लागले. कारखान्याकडे निघालेल्या त्या उसाचाच काही अंश उद्या आमच्या टाकीत उतरणार, या विचाराने थांबणे थोडे सुसह्य झाले.

१६ मार्च

काठोकाठ टाकी भरण्याच्या पद्धतीने ४१२ किलोमीटरला ३५.५ लिटर लागले, लिटरला ११.६ किलोमीटर. बाबांच्या वहीत १९९१ सालच्या पुणे प्रवासाला १२.८ आहेत. फरक नऊ टक्क्यांचा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणात सहा-सात टक्के घट होणारच. उरलेले दोन-तीन टक्के माझ्या पायाचे की आजच्या रहदारीचे, यावर घरात एकमत नाही.

६ एप्रिल

दुपारी दीड वाजता दसरा चौकात गाडी बंद पडली. पाच मिनिटे स्टार्टर मारला, व्यर्थ. पेट्रोलची पंपाकडे जाणारी नळी हाताला चटका देत होती. आत पेट्रोलची वाफ होऊन पंपाला ओढायला द्रवच उरला नव्हता. मिश्रणात इथेनॉल आले की ही वाफ अधिक लवकर होते. एका रिक्षावाल्याने न विचारता पाण्याची बाटली आणि फडके आणून पंपावर ओले फडके गुंडाळले. टॅक्सीवाले उन्हाळ्यात करीत तोच उपाय. दहा मिनिटांत गाडी चालू झाली.

कायमचा उपाय म्हणून नळीची वाट धुराच्या तापणाऱ्या मॅनिफोल्डपासून चार बोटे दूर नेली आहे आणि मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याची ढाल लावली आहे. ढाल एका बाजूने अजून खडखडते, तिथे तांब्याचा वॉशर हवा. हजार किलोमीटर झाल्यावर हेडचे नट पुन्हा टॉर्कला तपासायचे आणि एक्झॉस्टच्या टॅपेटची फट मोजायची. ती आजच्याइतकीच भरली तर नव्या सीट टिकल्या असे म्हणता येईल. आज मीटरवर ६२० आहेत. फडके मात्र डिकीत ठेवले आहे.